व्हिगन आहारातली प्रथिनं : मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिगन व्हायचं, म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूध, दही, तूपही सोडायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न प्रथिनांचाच येतो. आई विचारते, सासूबाई विचारतात, ऑफिसातले डबा उघडल्यावर विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. माझं मत आधीच सांगते : आपल्याकडे प्रथिनांच्या पदार्थांना तोटा नाही, तोटा आहे तो वाढपाचा. उसळ चमचाभर आणि पोळ्या चार, हे गणित उलटवलं की निम्मं काम झालं.

रोज किती प्रथिनं लागतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये ठरवलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम.

मात्र धान्य आणि डाळींमधली प्रथिनं दुधा-अंड्यांतल्या प्रथिनांपेक्षा थोडी कमी पचतात. म्हणून संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने किलोमागे १ ग्रॅम धरावा. हिशोबही सोपा होतो : वजन ५५, तर प्रथिनं ५५.

आम्ही रोज वरण-भात, पोळी-भाजी खातो. मग कमी कुठे पडतं?

वाटीत पडतं. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण ती १०० ग्रॅम डाळ तुमच्या ताटात येते का? चार माणसांच्या घरात एक लहान वाटी डाळ शिजते, त्यात भरपूर पाणी घालून आमटी केली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कोरडी मोजली तर १५-२० ग्रॅम डाळ येते. म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिनं. वर आमटीचं पाणी भातावर आणि डाळ पातेल्याच्या तळाशी.

पूर्वी दोन वेळच्या ताकाने, दह्याने, दुधाच्या कपाने ही तूट थोडीफार भरून निघायची. दुग्धजन्य पदार्थ सोडले की ती उघडी पडते. म्हणून व्हिगन होताना नवीन पदार्थ शोधायच्या आधी जुन्यांचं माप बदला. एका माणसाला एका जेवणात ४० ते ५० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य हे माप धरा. एकदा काट्यावर मोजून बघा, कोणत्या वाटीत किती मावतं ते कळलं की पुन्हा मोजावं लागत नाही. वरण घट्ट करा. उसळ पोळीला लावून खायची गोष्ट न राहता तीच ताटातली मुख्य गोष्ट होऊ द्या.

कोणत्या पदार्थात किती प्रथिनं असतात?

खालचे आकडे १०० ग्रॅम कोरड्या, न शिजवलेल्या पदार्थाचे आहेत. वाणानुसार आणि प्रतीनुसार ते थोडे इकडेतिकडे होतात.

- सोयाबीन : ३६ ते ३८ ग्रॅम. सोया चंक्स : सुमारे ५०.
- मूगडाळ, मसूरडाळ : २४. उडीदडाळ : २३. तूर, हरभराडाळ, हुलगे : २२ च्या आसपास.
- मटकी, राजमा, वाल, चवळी : २० च्या आसपास. अख्खे हरभरे : १९.
- शेंगदाणे : २४. तीळ : २२. कारळे, जवस, बदाम, काजू : १८-१९.
- राजगिरा : १३ ते १४. बाजरी : ११. गहू, ज्वारी : १०-१०.५. तांदूळ : ८. नाचणी : ७.

यात नाचणी खाली दिसते म्हणून तिला कमी लेखू नका. तिचं काम वेगळं आहे, त्याबद्दल पुढे कॅल्शियमचा विषय येईल तेव्हा.

आणि एक गोष्ट या यादीत दिसत नाही ती अशी की धान्यांचाही वाटा मोठा असतो. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांचं पीठ ८० ग्रॅम धरलं तर त्यातून आठेक ग्रॅम मिळतात. साबुदाण्याऐवजी भाकरी खाल्ली तर दिवसाच्या बेरजेत फरक पडतोच.

डाळींमधली प्रथिनं ‘अपूर्ण’ असतात म्हणे?

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यातली नऊ शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात. धान्यांत त्यातलं लायसिन कमी असतं, डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी असतं. दोन्ही खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, मिसळ-पाव, वरणफळं, उसळ-पोळी, गोव्याचं अळसांद्यांचं (तिथल्या चवळीचं) तोणाक आणि उंडे (पाव) : ही सगळी जोडी आपल्या आधीच्या लोकांनी चवीने जमवलेली आहे आणि पोषणशास्त्राने तिला पुढे दुजोराच दिला.

दोन्ही एकाच घासात असायला हवीत असं मात्र नाही. सकाळी धान्य आणि संध्याकाळी कडधान्य खाल्लं तरी दिवसभरात शरीर मेळ घालतं. कच्च्या धान्याचं आणि डाळीचं प्रमाण तीनास एक असं ठेवायला सांगतात. मी तर दोनास एकपर्यंत न्यावं असं म्हणेन. भाजणीच्या थालीपिठात हे आपोआप साधतं, कारण भाजणीत ज्वारी-बाजरी-गव्हाबरोबर हरभराडाळ आणि उडीद असतातच.

मोड आणल्याने प्रथिनं वाढतात का?

नाही. कडधान्य पाणी पितं, फुगतं, वजन दुपटीच्या वर जातं. म्हणून १०० ग्रॅम मोड आलेल्या मटकीत १०० ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा निम्म्याहूनही कमी प्रथिनं भरतात. वाटीभर मोड बघून भरपूर झालं असं वाटतं, तिथे फसगत होते.

पण मोड आणा, जरूर आणा. फायटेट हे खनिजं अडवून धरणारं द्रव्य कमी होतं, त्यामुळे लोह आणि झिंक चांगलं शोषलं जातं. गॅस कमी होतो. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. चव तर वेगळीच. वालाचं बिरडं करायचं तर वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत दाबायचा. साल हातात राहते आणि डाळिंबी टपकन पाण्यात पडते. वेळखाऊ काम आहे, पण दोघं-तिघं गप्पा मारत बसले तर अर्ध्या तासात होतं. सोललेल्या डाळिंब्या फ्रीझरमध्ये छान टिकतात. आमसूल, गूळ, ओलं खोबरं आणि ओवा-हिंगाची फोडणी एवढ्यावर बिरडं होतं, दुधातुपाचा त्यात मुळात संबंधच नाही.

सोयाबीन खावं का? पुरुषांनी खाऊ नये असं ऐकलं.

खावं, पुरुषांनीही. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती असते, त्यावरून ही भीती पसरली. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं, म्हणून गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाचे पदार्थ काही तासांनी खावेत. कच्चं सोयाबीन किंवा त्याचं कच्चं पीठ मात्र खाऊ नये. त्यातली ट्रिप्सिन रोधकं प्रथिनांचं पचनच अडवतात आणि ती नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात.

मला या बाबतीत फार वाटतं. महाराष्ट्र हे मध्य प्रदेशाबरोबर देशातलं सोयाबीनचं मोठं राज्य. लातूर, वाशीम, अकोला, बुलढाणा, सगळीकडे खरिपात सोयाबीन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे ‘एमएसीएस’ मालिकेतले वाण काढले. आणि एवढं पिकवून आपण त्याचं तेल काढतो आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. ज्याच्या शेतात पोत्यांनी सोयाबीन येतं त्याच्या घरात ते पानात क्वचितच दिसतं. हे बदलायला हवं, व्हिगन असो वा नसो.

सोया चंक्सना वास येतो, घरात कुणी खात नाही. काय करावं?

उकळत्या पाण्यात मीठ घालून पाच मिनिटं ठेवा. गाळून गार पाण्यात टाका आणि मुठीत धरून पिळा. पांढुरकं, फेसाळ पाणी निघेल, वास त्यातच असतो. पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत. मग आलं-लसूण, हळद, तिखट, लिंबू चोळून अर्धा तास मुरू द्या. हे मुरवणं टाळलं तर रस्सा एकीकडे आणि फिके गोळे एकीकडे अशी भाजी होते. पिळलेले चंक्स मिक्सरमधून एकदाच फिरवले की खिमा तयार. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण घालून केलेला हा खिमा भाकरीबरोबर भारी लागतो. ३० ग्रॅम कोरड्या चंक्समधून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात.

टोफू घरी होतो का?

होतो आणि विकतच्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून जमतील तितकी सालं काढा, भरपूर पाण्यात बारीक वाटा. मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा. पातेलं अर्धंच भरा, कारण फेस झपाट्याने वर येतो. सतत ढवळत पंधरा-वीस मिनिटं उकळून फडक्याने गाळा. दूध पुन्हा गरम करून गॅस बंद करा, लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. फुटलं की दहा मिनिटं झाकून ठेवा, मग फडक्यात बांधून वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. तासाभरात वडी बसते. उरलेला चोथा टाकू नका. तो थालीपिठात, कटलेटात खपतो आणि त्यातही प्रथिनं आणि चोथा-तंतू दोन्ही असतात.

विकतचा घेताना वेष्टनावरचा आकडा वाचा. मऊ टोफूत १०० ग्रॅममागे ८ ग्रॅम, तर घट्ट टोफूत १५ पर्यंत प्रथिनं असू शकतात. कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो आणि हळद घालून केलेली भुर्जी हा सुरुवात करायला सर्वांत सोपा पदार्थ.

गाईच्या दुधाऐवजी बदामाचं दूध चालेल?

चहा-कॉफीला चालेल, प्रथिनांसाठी नाही. बाजारातल्या बदाम दुधात बहुतेक पाणीच असतं. बिनसाखरेचं सोयादूध तेवढं गाईच्या दुधाच्या जवळपास येतं, १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम. नारळाचं दूध सोलकढीला उत्तम, पण त्यात प्रथिनं शोधू नयेत.

दह्याच्या कोशिंबिरीऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू. डांगराचं पीठ ताकात न कालवता आमसुलाच्या पाण्यात कालवा, त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा, वरून हिंगाची फोडणी. भाजलेल्या उडदाचा खमंगपणा तसाच राहतो.

हिरवा ठिपका असला की पदार्थ व्हिगन समजायचा का?

नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) व्हिगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम लागू केले. त्यासाठीच्या हिरव्या चिन्हात इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि पान आहे. ते नसेल तर घटकांची यादी वाचावी. दुधाची पावडर, व्हे आणि केसीन (दोन्ही दुधातली प्रथिनं), बटर ही नावं पाव, बिस्किटं, फरसाण, सूप पावडर अशा अनपेक्षित ठिकाणी सापडतात.

शेंगदाणे खाऊनच गरज भागवली तर?

भागणार नाही असं नाही, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५०० हून जास्त कॅलरी असतात, त्या मुख्यतः तेलाच्या. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, हे रोजचं चांगलं माप. त्यातून सात ग्रॅम प्रथिनं. कूट, सोलापुरी चटणी, आमटीतलं वाटण असं मिळून तेवढं सहज पोटात जातं. काजू-बदामाचंही तेच. कारळ आणि जवसाच्या चटण्या ताटात रोज असाव्यात. जवसात ओमेगा-३ हे शरीराला लागणारं मेदाम्ल आहे आणि मासे न खाणाऱ्याला त्याची गरज असते. जवस भाजून कुटूनच खा. अख्खा गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो.

उपवासाला काय खायचं? डाळी चालत नाहीत, दही-दूध मी खात नाही.

साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीतली प्रथिनं दाण्याच्या कुटाची. म्हणून साबुदाणा मागे सारा आणि राजगिरा पुढे आणा : राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी किंवा थालीपीठ, वरईचा भात आणि दाट दाण्याची आमटी. तुपाऐवजी शेंगदाणा तेलाची जिऱ्याची फोडणी. राजगिऱ्यात लायसिन भरपूर असतं, इतर धान्यांत ते कमी पडतं, हा त्याचा मोठा गुण.

कडधान्यं वाढवली की पोट फुगतं.

एकदम वाढवू नका. आतड्यांतल्या जंतूंना सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. सुरुवात मूगडाळ आणि मसूरडाळीने करा, मग मटकी, मग चवळी. हरभरे, राजमा, वाल सर्वांत शेवटी. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या, कुकरमध्ये पूर्ण मऊ होऊ द्या, हिंग-ओवा-आलं सढळ हाताने वापरा. राजमा तर कधीही अर्धा कच्चा खाऊ नका. त्यातल्या लेक्टिन या विषारी द्रव्यामुळे उलट्या-जुलाब होतात आणि ते खळखळ उकळल्यावरच जातं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट शिजवणं धोक्याचं आहे.

एका दिवसाचा नमुना सांगाल?

५५ किलोच्या बाईसाठी हा एक दिवस.

सकाळी भिजवलेल्या मुगाची धिरडी, ५० ग्रॅम मूग, बरोबर दोन चमचे शेंगदाण्याची चटणी : १४ ते १५ ग्रॅम. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर : सुमारे २०. चार वाजता मूठभर फुटाणे : ६. रात्री भात, ४० ग्रॅम तुरीचं घट्ट वरण, पालेभाजी : १४. एकूण ५५ च्या जवळ.

यात चंक्स नाहीत, टोफू नाही, पावडर नाही. ज्या दिवशी उसळीला वेळ नसेल त्या दिवशी पिठलं. माणशी ५० ग्रॅम बेसन धरलं तर दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं पंधरा मिनिटांत ताटात.

जिमला जातो, पावडर घ्यावी लागेल का?

वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो. ७० किलोच्या तरुणाला ११० ग्रॅम लागले तर नुसत्या डाळींवर पोट आधी भरतं आणि आकडा नंतर गाठला जातो. चंक्स, टोफू, फुटाण्याच्या पिठाचं सरबत इथे कामाला येतं. तरीही कमी पडलं तर वाटाण्याच्या किंवा सोयाच्या प्रथिनांची पावडर घ्यायला हरकत नाही. डब्यावर ‘व्हे’ लिहिलं असेल तर ते दुधाचं.

घरातल्या वयस्कर माणसांना चावत नाही, भूकही कमी.

या वयात खरं तर प्रथिनं वाढवावी लागतात. स्नायू झिजतात, म्हणून तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, आणि नेमके हेच लोक चहा-बिस्किटं आणि मऊ भातावर दिवस काढतात. त्यांना हुलग्याचं माडगं करून द्या : भाजलेल्या हुलग्याचं पीठ, पाणी, गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ. मुगाचं कढण, ओल्या सालपापडीइतकं मऊ धिरडं, मऊ भातावर दोन-तीन चमचे मेतकूट आणि कच्चं शेंगदाणा तेल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं, घरच्यांनी नाही.

गरोदरपणात आणि लहान मुलांना हा आहार चालतो का?

नीट आखला तर चालतो, अंदाजाने नाही. आयसीएमआर-एनआयएनच्या शिफारशीत गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची सांगितली आहेत. ती वाढ मोठी आहे. बाळंतिणीला नारळपाण्यात भिजवलेल्या अळिवाचे लाडू तुपाशिवायही छान वळतात. वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी सोया किंवा बदामाचं दूध देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांच्या घशात अडकतात, पाच वर्षांपर्यंत कूट किंवा पेस्ट करूनच द्या. बालरोगतज्ज्ञांना आहार व्हिगन आहे हे स्पष्ट सांगा.

प्रथिनं पूर्ण झाली, आता बाकी काही बघायला नको ना?

बी-१२ जीवनसत्त्व बघायलाच हवं. ते वनस्पतींत नसतं. इडली-डोशाचं आंबवण, स्पिरुलिना, मोड, न धुतलेल्या भाज्या यांतून ते मिळतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ हाच मार्ग. कमतरता वाढली तर हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो आणि नसांचं नुकसान कायमचंही होऊ शकतं. डाळी-पालेभाज्यांतल्या भरपूर फोलेटमुळे (हेही एक ब जीवनसत्त्वच) रक्ताच्या साध्या तपासणीत ही कमतरता झाकली जाते, म्हणून बी-१२ची वेगळी तपासणी करून घ्या.

कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. लोहासाठी जेवणात लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्या.

परदेशात ही कडधान्यं मिळत नाहीत तेव्हा?

मसूर आणि छोले जगभर मिळतात. डब्यातले छोले आणि राजमा शिजवलेलेच असतात, पाण्याने धुतले की मिठाचा अंश कमी होतो. आशियाई दुकानांत टोफू, टेंपे आणि गोठवलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा मिळतात. टेंपे म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, मूळचं इंडोनेशियाचं. त्याच्या पातळ कापांना गोडा मसाला लावून तव्यावर परतलं तर भाताबरोबर मस्त लागतं.

प्रवासात आणि लग्नकार्यात काय करता?

पिशवीत फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की आणि तिखट-मीठ लावलेले भाजके हिरवे मूग. एसटी स्टँडवर मिसळ मिळाली तर दही न घालता घ्यायची आणि उसळ जास्त मागायची, बहुतेक ठिकाणी देतात. लग्नाच्या पंगतीत मसालेभात, मठ्ठा, जिलबी यांत फारसं काही हाती लागत नाही. वाटली डाळ असेल तर पुन्हा मागून घ्या. यजमान जवळचे असतील तर चार दिवस आधी फोन करून वरणावर तूप न घातलेलं पातेलं वेगळं ठेवायला सांगा. आचारी फोडणी शेवटी घालतात, त्यामुळे त्यांना ते अवघड जात नाही.